घरखर्चाची वही: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा

या वेळच्या टपालात गृहकर्जाची पत्रं इतकी होती की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. चार पत्रांना इथे उत्तरं देते. पत्रलेखकांची नावं छापत नाही, गाव तेवढं देते. मी नोकरीची बरीच वर्षं एका सरकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली, आधी इचलकरंजीला आणि मग पुण्यात. त्यामुळे काही ठिकाणी उत्तर लांबेल. आकडे आहेत तिथे पेन्सिल घेऊन बसा.

ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही चिंचवडला फ्लॅट घेतला. हाउसिंग फायनान्स कंपनीचं ३० लाखांचं कर्ज, बदलता व्याजदर, सध्या ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ₹२६,०३५. परवा स्टेटमेंट काढलं तर धक्काच बसला. दोन वर्षांत सव्वासहा लाख भरले आणि बाकी अजून पावणेएकोणतीस लाख! काही चुकलंय का? मिस्टर गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत, मी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून ₹७८,००० हातात येतात. सासूबाई आमच्याकडे असतात, मुलगी दुसरीत आहे. कर्ज लवकर संपवायचंय, पण महिनाअखेर काही उरत नाही. दीर म्हणतात कर्ज चालू द्या, म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम टाका, म्हणजे एसआयपी करा. महिन्याचा हिशेब सोबत जोडलाय. — एक वाचक, चिंचवड

स्टेटमेंट बरोबर आहे. तुमच्या पहिल्या हप्त्यातले ₹२१,२५० व्याजात गेले आणि मुद्दलात फक्त ₹४,७८५. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं, आणि सुरुवातीला मुद्दल सगळंच शिल्लक असतं. पाच वर्षं नुसते हप्ते भरत राहिलात तरी तीस लाखांतले साडेतीन लाखांच्या आसपासच फिटलेले दिसतील. वीस वर्षं पुरी केलीत तर तीस लाखांवर साडेबत्तीस लाख व्याज जाईल.

याच गणिताची दुसरी बाजू मी वर्षानुवर्षं काउंटरवर लोकांना समजावली आहे. आज तुम्ही दोन लाख रुपये थेट मुद्दलात भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात, तर शेवटचे ३१ हप्ते गळून पडतात. तेच दोन लाख पंधराव्या वर्षाअखेर भरलेत तर जेमतेम ११ हप्ते कमी होतात. पैसे तेच, कर्ज तेच. म्हणून ‘पगार वाढला की बघू, मुलं मोठी झाली की बघू’ हे कर्जाच्या बाबतीत महागात पडतं. थोडे का होईना, पैसे सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात जायला हवेत.

इचलकरंजीला आमच्याकडे एक एसटी वाहक यायचे. महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली, दिवाळीचा बोनस आला, की त्यातला काही भाग घेऊन ते हजर. पावती हातात पडली की एकच प्रश्न विचारायचे, ‘यातलं मुद्दलात किती गेलं?’ आणि उत्तर खिशातल्या डायरीत टिपून ठेवायचे. कधी तीन हजार, कधी आठ हजार. त्यांचं घर मुदतीच्या कितीतरी आधी मोकळं झालं. तेव्हा मुदतीआधी कर्ज फेडलं की बँका दंड लावायच्या. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा तो दंड बँकांना बंद करायला लावला, आणि आज तुमच्यासारख्या हाउसिंग फायनान्सच्या ग्राहकालाही बदलत्या दराच्या कर्जावर असा दंड पडत नाही. कर्ज कायम दराचं असेल तर मात्र करारातलं कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आता तुमचा दर. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५ टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, बांधलेली असतात. त्यामुळे तिथल्या कर्जदारांचे दर उतरले. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ती सक्ती नाही. तुमचा दर साडेआठवरच राहिला असेल तर त्याचं कारण हे आहे. कंपनीला लेखी अर्ज करा: ‘नव्या ग्राहकाला आज कोणत्या दराने कर्ज देता आणि मला तो दर मिळण्यासाठी किती शुल्क भरावं लागेल?’ बहुतेक कंपन्या थोडं शुल्क घेऊन दर खाली आणतात. नाही म्हणाल्या तर दोन बँकांकडे कर्ज हलवण्याची चौकशी करा. प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, गहाणखताचा मुद्रांक असा सगळा खर्च एका कागदावर मांडा आणि मगच ठरवा.

समजा दर साडेसात झाला. कंपनी लगेच म्हणेल, तुमचा हप्ता ₹२४,३०० च्या आसपास येतो. महिन्याला सतराशे रुपये सुटतात म्हणून हो म्हणू नका. हप्ता ₹२६,०३५ च ठेवा. आज तुमचे २१६ हप्ते बाकी आहेत, ते १८८ होतील. खिशातून एक रुपयाही जास्त न काढता २८ महिने कमी! या पत्रातली एवढी एकच गोष्ट केलीत तरी मला आनंद होईल.

तुमचा हिशेब मी दोनदा वाचला. फार नीट लिहिलाय. हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, किराणा, दूध-भाजी, वीज-गॅस-मोबाइल, पेट्रोल, सासूबाईंची औषधं, विमा, भिशीचे पाच हजार, आणि शेवटी ‘इतर’ ₹९,६६५. किराण्यात आणि दूध-भाजीत काटकसर सुचवायला मला जागा दिसत नाही. पाच माणसांचं, येणाजाणाऱ्यांचं घर असेल असंच ते दिसतं, आणि तुम्ही चौघं त्यात नेटकं भागवताय. सासूबाईंच्या औषधांना आणि विम्याला हात लावायचा नाही. मुदत विमा आणि मेडिक्लेम बंद करून कर्ज फेडायला निघालेली कुटुंबं मी पाहिली आहेत. एका आजारपणात फेडलेलं सगळं पुन्हा उसनं घ्यावं लागतं, आणि तेही वैयक्तिक कर्जाच्या दराने.

अडचण त्या ‘इतर’मध्ये आहे, आणि ती उधळपट्टीची नाही. गेल्या एप्रिलपासून मार्चपर्यंतचं बँकेचं पासबुक घ्या आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च वेगळे काढा: जूनमधली वह्या-पुस्तकं आणि गणवेश, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग, गणपतीला गावी जाणं, दिवाळीची खरेदी, लग्नसराईतले आहेर, सोसायटीने मध्येच काढलेली रंगकामाची वर्गणी. या सगळ्याची बेरीज करून बाराने भागा. तुमच्यासारख्या घरात महिन्याला पाच-साडेपाच हजार निघतात असा माझा अनुभव आहे. हे खर्च ठरलेले असतात, तरी दर वेळी अचानक आल्यासारखे वाटतात आणि त्या महिन्याचा घास घेतात. म्हणून काही उरत नाही. एक वेगळं बचत खातं उघडा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी साडेपाच हजार त्यात आपोआप वळते होऊ द्या, आणि त्या खात्याचं कार्ड घरात कपाटात ठेवा. उरलेले चार हजार दोघांच्या वरखर्चाला. त्याचा हिशेब एकमेकांना देऊ नका. माणसाला तेवढी मोकळीक हवी, नाहीतर चार महिन्यांत वही बंद पडते.

मग कर्जात काय भरायचं? तुम्ही लिहिलंय की भिशी बारा जणींची आहे, वर्षातून एकदा साठ हजार हातात येतात आणि गेल्या वर्षी त्यातून सोफा घेतला. मिस्टरांचा बोनस चाळीस हजारांच्या आसपास असतो. हे झाले एक लाख. वार्षिक खर्चाचं खातं आधी तयार असेल तर हा लाख दिवाळीत आणि आहेरात विरघळणार नाही. महिन्याच्या पगारातून ओढाताण करून हजार-दीड हजार भरायचे आणि तिसऱ्या महिन्याला थांबायचं, त्यापेक्षा हा मार्ग टिकतो. आजच्या बाकीवर साडेसात टक्के दर, हप्ता तोच, आणि दर वर्षाअखेर एक लाख मुद्दलात असं धरून मी गणित केलं. कर्ज अजून दहा वर्षांत संपतं. आज तुमची अठरा वर्षं बाकी आहेत. म्हणजे मुलगी बारावीला असेल तेव्हा घर तुमचं. दर साडेआठच राहिला तरी अकरा वर्षं लागतील. भिशीबद्दल एक सांगते: ती ओळखीतल्या, एकमेकींच्या घरी येणंजाणं असलेल्या बायकांची असेल तर चालू ठेवा, पण तिला कायद्याचं संरक्षण नाही. एखादी नवी, दुरून आलेली व्यक्ती ती चालवत असेल तर पुढच्या फेरीला नाव घालू नका. पाच हजारांचं आवर्ती खातं काढा.

मात्र पहिल्या वर्षी सगळा लाख कर्जात घालू नका. तुमच्याकडे एक लाख दहा हजारांची एफडी आहे असं लिहिलंय. तेवढी पुरत नाही. सुट्या भागांच्या कारखान्यांत कामाचे दिवस कमी-जास्त होतात, हे चिंचवडला राहून तुम्हाला मी सांगायला नको. हप्ता, किराणा आणि फी धरून चार-पाच महिने घर चालेल एवढी रक्कम, म्हणजे अडीच-तीन लाख, आधी बाजूला हवी. यंदा भिशी कर्जात आणि बोनस या गंगाजळीत. पुढच्या वर्षीही बोनस गंगाजळीतच गेला तर चालेल. कर्जात गेलेला पैसा घरी परत आणता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्याला एक अपवाद आहे. काही बँका गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्यासारखं देतात. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला काढताही येतात. दर किंचित जास्त असतो. कर्ज हलवायचंच ठरलं तर याची चौकशी जरूर करा.

पगारवाढीचंही ठरवून ठेवा. तीस लाखांच्या याच कर्जाचा हप्ता पहिल्यापासून दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवत नेला, तर वीस वर्षांचं कर्ज बारा वर्षं आणि दोन-तीन महिन्यांत संपतं. तुम्हाला दरवर्षी पाच टक्के झेपणार नाही. अर्धी पगारवाढ हप्त्याला द्या आणि अर्धी घराला.

तुमच्या दिरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. लांबच्या मुदतीत शेअर बाजाराने कर्जाच्या दरापेक्षा जास्त दिलेलं आहे, पुढेही देईल कदाचित. पण ‘कदाचित’ म्हणावं लागतं, आणि साडेआठ टक्के व्याज दर महिन्याच्या पाच तारखेला नक्की कापलं जातं. शिवाय बाजार पडला की एसआयपी थांबवणारे मी जितके पाहिले, तितके चालू ठेवणारे पाहिले नाहीत. गंगाजळी झाल्यावर निवृत्तीसाठी दोन-तीन हजारांची एसआयपी सुरू करा, त्याला माझी हरकत नाही. पण एक लाखाचा हा मार्ग तिकडे वळवू नका.

आणि पैसे भरताना अर्जात स्पष्ट लिहा: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ आठवड्याने परतफेडीचा नवा तक्ता मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आली का ते बघा. आली नसेल तर पुन्हा जा.

मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत आहे, वय ४१. ऑक्टोबर २०२१ मध्ये बँकेकडून ६.७५ टक्क्यांनी ३० लाखांचं कर्ज घेतलं, २० वर्षं, हप्ता ₹२२,८११. हप्ता एकदाही चुकला नाही. आता अ‍ॅपवर बघतो तर बाकी २८ लाख ९२ हजार आणि अजून २८१ हप्ते! म्हणजे मी ६४ वर्षांचा होईपर्यंत. निवृत्ती ५८ ला आहे. रात्री झोप येत नाही. पीएफ काढून कर्ज कमी करू का? — एक वाचक, नाशिक

पीएफला हात लावू नका. आधी हे सांगून टाकते म्हणजे आज झोप लागेल.

तुमच्या बाबतीत जे झालं ते २०२१ च्या आसपास कर्ज घेतलेल्या असंख्य लोकांच्या बाबतीत झालं आहे. तेव्हा रेपो ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोहोचला. तुमचा दर त्याच्याबरोबर सव्वानऊ झाला. पण हप्ता तोच राहिला, कारण बँकेने हप्ता वाढवण्याऐवजी मुदत लांबवली. सव्वाएकोणतीस लाखांवर सव्वानऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ₹२२,५४७ होतं. तुमच्या हप्त्यातून ते वजा केलं तर मुद्दलाला उरतात ₹२६४. जवळपास दोन वर्षं तुम्ही एवढ्याच गतीने कर्ज फेडत होता. साडेअकरा लाखांहून जास्त भरूनही बाकी लाखभरानेच उतरलेली दिसते ती यामुळे.

याच तक्रारी वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यायची. कायम दराकडे जाण्याचा पर्याय बँकेच्या धोरणाप्रमाणे द्यायचा. कधीही काही रक्कम किंवा सगळं कर्ज फेडता आलं पाहिजे. आणि दर तिमाहीला किती मुद्दल, किती व्याज आणि किती हप्ते बाकी, हे कळवायचं. तुम्हाला असं पत्र किंवा ईमेल आलं होतं का ते जुन्या मेलमध्ये शोधा. आलं नसेल तर शाखेला लेखी विचारा. पण भांडणात महिने घालवू नका, कारण उपाय तुमच्या हातात आहे.

रेपो आता सव्वापाचवर आल्यामुळे तुमचा दर ८ टक्के झाला असणार. निवृत्तीला सतरा वर्षं, म्हणजे २०४ महिने. २८ लाख ९२ हजार २०४ हप्त्यांत फेडायचे तर हप्ता ₹२५,९८० लागतो. आजच्यापेक्षा सुमारे ₹३,१७० जास्त. एवढं केलंत तर ५८ ला कर्ज शून्य, आणि मुदतभरात भरायच्या एकूण रकमेत अकरा लाखांचा फरक पडतो. चार वर्षांहून जास्त काळ तोच हप्ता देताय, त्या काळात पगार नक्की वाढला असेल. शाखेत जाऊन ‘हप्ता वाढवून द्या’ असा अर्ज करा आणि त्यासाठी पगाराच्या खात्यातला ऑटो डेबिटचा आदेश नव्याने द्यावा लागेल का, ते विचारा. पुढे दर आणखी उतरला तरी हप्ता खाली आणायचा नाही. चढला तर त्याच महिन्यात शाखा गाठायची. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि दसऱ्याला, शेवटच्या हप्त्याची तारीख बघायची.

आता पीएफ. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं. तुमचं कर्ज ८ टक्क्यांचं. जास्त देणारा पैसा काढून कमी घेणाऱ्याला देण्यात आजच्या दराने काहीच मिळत नाही. तोट्याची खरी बाजू तर निवृत्तीनंतर दिसते. साठीला कर्ज नाही पण जवळ पैसाही नाही, अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांना मुलांपुढे हात पसरताना मी पाहिलं आहे. पीपीएफ असेल तर त्याचा दर ७.१ टक्के आहे. तोही पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत मोडू नका. नव्या पैशाचं मात्र वेगळं. वर्षाला पीपीएफमध्ये दीड लाख टाकत असाल तर त्यातले पन्नास हजार काही वर्षं कर्जात वळवा. आठ टक्क्यांचं व्याज वाचतं, आणि वाचलेल्या व्याजावर कर नसतो.

क्रेडिट कार्डाची थकलेली बाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर या सगळ्याच्या आधी ते संपवा. पत्रात तसं काही नाही, पण खूप जण हे लपवतात म्हणून लिहिते.

सीए असलेला मित्र म्हणतो की गृहकर्ज मुदतीआधी फेडू नकोस, करसवलत जाईल. मी नव्या करप्रणालीत आहे. काय करू? — एक वाचक, डोंबिवली

स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, वर्षाला दोन लाखांपर्यंत. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर जाण्यासारखी सवलतच नाही. फेडा.

जुन्या प्रणालीत आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्यांसाठीही सांगते. दोन लाख व्याज भरून उपकर धरून जास्तीत जास्त ₹६२,४०० कर वाचतो. उरलेले ₹१,३७,६०० खिशातून गेलेलेच असतात. दोन लाखांच्या वरच्या व्याजाला तर वजावटही नाही. कर वाचतो म्हणून कर्ज ठेवावं, हे मला कधीच पटलेलं नाही. जुन्या प्रणालीत मुदतीआधी भरलेलं मुद्दलही दीड लाखाच्या वजावटीत धरलं जातं. ती मर्यादा पीएफ आणि विम्याने भरली नसेल तर मोठी रक्कम मार्चअखेर आणि एप्रिल अशी दोन भागांत भरा, म्हणजे दोन्ही वर्षांत मोजली जाईल.

कोल्हापूरजवळ आमचं स्वतःचं छोटं घर आहे. कर्ज दोघांच्या नावावर होतं. चार वर्षांपूर्वी मिस्टर गेले. मी शिवणकाम आणि त्यांच्या पेन्शनवर हप्ते भरत राहिले, दरवर्षी थोडे जास्त भरले आणि गेल्या महिन्यात मुदतीच्या तीन वर्षं आधी कर्ज संपवलं. शाखेतून फक्त बाकी शून्य झाल्याचा मेसेज आला. आता मी काय करायचं? सातबारावर अजून बँकेचं नाव आहे. — एक वाचक, कोल्हापूर

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. एकटीने हे करणं सोपं नसतं. मनापासून अभिनंदन.

आता मेसेजवर थांबू नका. शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: कर्ज संपूर्ण फिटल्याचं आणि काही येणं नसल्याचं पत्र, म्हणजे नो ड्यूज, घराची मूळ कागदपत्रं, आणि कर्ज घेताना तुम्ही कोणते कागद दिले होते त्याची यादी. यादीशी एकेक कागद ताडून पाहा. खरेदीखत, त्याची नोंदणी पावती, बिगरशेती आदेश, बांधकाम परवाना, नकाशा. प्रत्येक पान उलटून बघा, घाई करू नका. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ₹५,००० भरपाई द्यावी लागते. कागद हरवले असतील तर नकला काढून देण्यात मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणंही बँकेवरच आहे. त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. तुम्ही कर्ज फेडल्याची तारीख लिहून ठेवा आणि अर्जावर पोच घ्या. खात्यातून हप्ता कापण्याचा आदेश रद्द झाला का, तेही विचारा.

सातबाराच्या इतर हक्कात बँकेचा बोजा आहे, तो आपोआप जात नाही. बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्जही करता येतो. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघा. तुमची जागा सिटी सर्व्हेत येत असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात, मिळकत पत्रिकेवर करावं लागेल. कर्जाच्या वेळी दुय्यम निबंधकाकडे गहाणखत नोंदवलं होतं का तेही शाखेत विचारा. नोंदवलं असेल तर गहाण सोडवल्याचा दस्तही नोंदवावा लागतो, आणि त्यावर बँकेच्या अधिकाऱ्याची सही लागते.

उताऱ्यावर मिस्टरांचं नाव अजून असेल तर वारसनोंदीचा अर्जही त्याच फेरीत द्या. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र लागेल. मुलं बाहेरगावी असतील तर ती घरी आलेली असतानाच हे उरका. महिन्या-दीड महिन्याने सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढा आणि कर्ज ‘बंद’ दाखवतंय का ते तपासा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की मिस्टर गेल्यावरही तुम्ही हप्ते भरत राहिलात. कर्ज मंजूर झालं तेव्हाचं मंजुरीपत्र आणि पहिल्या वर्षाचं स्टेटमेंट काढा. त्यात विम्याचा एकरकमी हप्ता कापलेला आहे का ते बघा. गृहकर्ज देताना अनेक बँका कर्जाला जोडलेला जीवनविमा घ्यायला लावतात, तो हप्ता कर्जातच मिळवतात, आणि घरच्या बाईला याचा पत्ताही नसतो. तसा विमा मिस्टरांच्या नावावर असेल आणि ते गेले तेव्हा चालू असेल, तर ती रक्कम विमा कंपनीकडून यायला हवी होती. दावा केलाच नसेल तर आता करा. विम्याची प्रत, मृत्यूचा दाखला, कर्जाचं स्टेटमेंट आणि उशिराचं कारण लिहिलेला अर्ज द्या. तुम्हाला विम्याची माहितीच नव्हती, हेच खरं कारण असेल तर तेच लिहा. नुसता उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना कळवलं आहे. तरीही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फीही नसते. मंजुरीपत्राची प्रत सापडत नसेल तर शाखेकडून लेखी मागून घ्या, आणि त्यात काय निघालं ते मला कळवा.